मदत हवी आहे: पोकळ तोफगोळ्याचे तोंड ओळखायचे कसे?

ठाण्यात जुन्या घराच्या जोत्यात बिडाचा गोळा सापडलाय. व्यास तिन्ही दिशांनी ११.२ सेंमी, वजन ३.९ किलो. भरीव असता तर सव्वापाच किलोच्या आसपास भरला असता, म्हणजे आत पोकळी नक्की. ओतकामाची शिवण अर्धवट दिसते. ब्रिटिश बाणाची खूण (सरकारी मालावर असायची ती) किंवा आकडे नाहीत, निदान गंजावरून तरी दिसत नाहीत. एका जागी २२ मिमीचा गोल डाग, त्यात पिवळसर धातू.

पोलिसांना कळवलंय, गोळा जागेवरच आहे. घासा, भोक पाडा असले सल्ले कृपया नकोत. आतली काळी दारू अजूनही पेटू शकते.

गोळ्याच्या तोंडात फ्यूज, म्हणजे आतली दारू पेटवणारी खुंटी, बसवलेली असते. लाकडी फ्यूजचं भोक गुळगुळीत, निमुळतं असतं. पितळी फ्यूजला आटे असतात. हात न लावता, नुसत्या फोटोवरून हा पितळी फ्यूजच की नंतर बुजवलेलं भोक, हे कशावरून ठरवता येईल?