मदत हवी आहे : कलिंगड आणि फेटा चीजच्या स्टार्टरला पाणी सुटू नये म्हणून काय करावे?

रविवारी पुण्यातील घरी येणाऱ्या पाहुण्यांना जेवणाआधी कलिंगडाचे चौकोनी तुकडे, त्यांवर फेटा चीज, पुदिना आणि किंचित मिरपूड असे गार स्टार्टर देण्याचा माझा विचार आहे. मंडईत कलिंगडे उत्तम मिळतात. अडचण पाण्याची आहे. फेटा मिठाच्या पाण्यात मुरवलेले असल्यामुळे त्याचे मीठ लागताच कलिंगडाला पाणी सुटते आणि उन्हाळ्यात ताटलीत लगेच रस साचतो. तुकडे आधी चाळणीत निथळून, फडक्याने टिपून फ्रिजमध्ये ठेवावेत आणि चीज अगदी वाढताना घालावे, की घट्ट गराचे खरबूज घेणे बरे? फेट्याऐवजी मिठाच्या पाण्यात ठेवलेले पनीर चालेल का, हेही कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे. मला मात्र फेट्याचा आंबटपणा फार महत्त्वाचा वाटतो.