मदत हवी: एल्व्हिशमध्ये मात्रा कुठल्या अक्षरावर? (आजच सांगा)

तळलेला_मोदक
भावासाठी चांदीचं कडं करतेय, आतून एल्व्हिशमध्ये एक शब्द कोरायचाय. दोन साइट्सनी दोन चित्रं दिली. अक्षरं तीच तीन, पण मात्रा एकीकडे पहिल्या-दुसऱ्यावर, दुसरीकडे दुसऱ्या-तिसऱ्यावर. सोनाराला संध्याकाळी नमुना द्यायचाय. कुठलं बरोबर तेवढंच सांगा. गूगल करून झालंय.

पोटफोड्या_ष
शब्द कुठला? भाषा कुठली?

तळलेला_मोदक
लिहिलंय ना वर, एल्व्हिश.

पोटफोड्या_ष
अहो, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टोल्किनने रचलेल्या एल्व्हिश भाषा दोन तरी धरा. क्वेन्या की सिंदारिन? लिपी दोन्हींना तेंग्वार. क्वेन्यात बहुतेक शब्द स्वरान्त, म्हणून मात्रा आधीच्या व्यंजनावर. सिंदारिनमध्ये बहुतेक व्यंजनान्त, म्हणून पुढच्यावर.

आजोबांचा_रेडिओ
मोडीत कोरा. ही थेरं कशाला? माझ्याकडे फॉन्ट आहे.

दुपारची_झोप
काका, तिने मोडी मागितलीय का?
तसंही तेंग्वार आपल्या बाराखडीचीच मावसबहीण. मूळ 24 अक्षरं आपल्या वर्गांसारखी ओळीत लावलेली. क्वेन्यात तर अ ची खूण गाळली तरी चालते. 'कल्मा' म्हणजे दिवा, तो नुसता क-ल-म लिहिला तरी कळतो, कारण त्या भाषेत शब्द क्ल ने सुरू होत नाही आणि म् ने संपत नाही.

पोटफोड्या_ष
बाराखडी नको म्हणू. आपला अ अक्षरातच असतो. तिथे तो फार येतो म्हणून गाळतात, तेही क्वेन्यात.

दुपारची_झोप
आपण 'घर' लिहिताना र चा पाय मोडतो? वाचणाऱ्याला कळतं म्हणून सोडतो. तेच की.

भटका_चष्मा
मात्रांची भानगडच नको असेल तर अमेरिकेतल्या चेरोकी लोकांची लिपी बघा. त्यांच्यातल्याच सेक्वोयाने 1821 मध्ये पुरी केली. दर सिलॅबलला वेगळं चिन्ह, आज 85 आहेत.

दुपारची_झोप
दादा, चेरोकी लोकांची खरीखुरी भाषा आहे ती. कड्यावर काय कोरणार?

तळलेला_मोदक
शब्द 'मेल्लोन' आहे. मित्र. आता सांगा!!

पोटफोड्या_ष
हे पहिल्या ओळीत हवं होतं. सिंदारिन. दुसरं चित्र बरोबर: म मोकळा, ए ची तिरकी रेघ ल वर, ओ चा आकडा न वर. रफार आठवा. 'अर्क' मध्ये र बसतो क च्या डोक्यावर, पण उच्चारतो आधी. पहिलं चित्र सिंदारिन म्हणून वाचलं तर 'एमोल्ल्न' होईल. आणि ल एकच दिसतोय म्हणून घाबरू नका, जोड ल साठी त्याला आडवी रेघ देतात. ती आहे ना बघा.

वेलांटीवाला
दोन्ही नकोत. हाच शब्द टोल्किनच्या गोष्टीतल्या मोरिया नावाच्या भुयारी नगराच्या दारावर आहे आणि तिथे मात्राच नाहीत. ती तेंग्वार लिहिण्याची बेलेरिआंडची पद्धत, तीत स्वरांना स्वतंत्र अक्षरं असतात. भाऊ चाहता असेल तर त्याला तेच ओळखीचं.

पोटफोड्या_ष
तेही बरोबर, पण जागा जास्त खातं. कडं केवढं आहे?

तळलेला_मोदक
अरे देवा, आता तिसरं! त्याने फक्त सिनेमा बघितलाय. त्यात ते दार दिसतं का?

दुपारची_झोप
दिसतं की. चांगलं चमकतं.

तळलेला_मोदक
मग दारावरचंच. सोनार म्हणतोय, आतून एवढं बारीक जमणार नाही. बाहेरून करू का?

आजोबांचा_रेडिओ
मोडीत जमतं बारीक.