कृषी विज्ञान केंद्र, 'आत्मा' आणि विद्यापीठ: मेळ कोणी घालायचा?

प्रश्न (यवतमाळचा कापूस उत्पादक): कृषी विज्ञान केंद्रांचा खर्च भारतीय कृषी संशोधन परिषद उचलते, कृषी विद्यापीठे राज्याची आहेत आणि 'आत्मा' या जिल्हास्तरीय कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेचा निधी केंद्र व राज्य ६०:४० प्रमाणात देतात. मग गुलाबी बोंडअळीबाबत परस्परविरोधी सल्ले शेतकऱ्यापर्यंत पोहोचू नयेत, ही जबाबदारी नेमकी कोणाची?

उत्तर (निवृत्त विस्तार अधिकारी): कागदोपत्री व्यवस्था आहे. राज्यातील चारही कृषी विद्यापीठांच्या शिफारशी संयुक्त संशोधन व विकास समितीत मंजूर होतात; जिल्ह्यात 'आत्मा'च्या नियामक मंडळाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते आणि कृषी विज्ञान केंद्राचे प्रमुखही त्यावर सदस्य असतात. मात्र माझ्या अनुभवात दोन्हींच्या आराखड्यांची सांगड लक्ष्यांक ठरून गेल्यावरच घातली जाई, आणि बैठक म्हणजे निव्वळ सोपस्कार ठरे.

उत्तर (कीटकशास्त्राची विद्यार्थिनी): समिती नेमण्यापेक्षा सामाईक नोंदी अधिक उपयोगी पडतात, असे मला वाटते. २००८ मध्ये सोयाबीनवर किडींचा उद्रेक झाल्यानंतर उभारलेल्या 'क्रॉपसॅप' या कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्पात राज्याचा कृषी विभाग, विद्यापीठे आणि केंद्राच्या संशोधन संस्था शेतातील त्याच निरीक्षणांवर काम करतात. कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढून घेणारा सापळा) सलग तीन रात्री प्रत्येकी गुलाबी बोंडअळीचे आठ पतंग सापडले, तर आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे उपाय करणे गरजेचे ठरते ती पातळी, गाठली असे मानतात; हा आकडा समोर असला की सल्ल्यात फाटे फुटायला फारसा वाव उरत नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. या नोंदी गावपातळीवर वेळेत कळाव्यात, असा अर्ज 'आत्मा'च्या तालुका शेतकरी सल्लागार समितीकडे देतो.