एसएमपीएस बदलू की अख्खं मशीनच? (वाचनालयाचा कॉम्प्युटर, गुहागर तालुका)

वाचनालय_गुहागर

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमचं वाचनालय आहे, ड वर्गातलं. ग्रंथपाल मीच आणि कॉम्प्युटर सांभाळणारीही मीच. मशीन २०१६ चं, असेंबल केलेलं. सहाव्या पिढीचा आय-३, ८ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, कॅबिनेटबरोबरच आलेला, त्यावर ४५० वॅट लिहिलंय. साडेसहा हजार पुस्तकांच्या नोंदी, वर्गणीचा हिशोब, गावातल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म, सगळं याच्यावरच चालतं.

पाऊस लागल्यापासून त्रास सुरू आहे. संध्याकाळी वाचनालय उघडून बटण दाबलं की पंखा जरा हलतो आणि थांबतो. पुन्हा पुन्हा दाबल्यावर, नाहीतर बोर्डाचं बटण चालू ठेवून थोडा वेळ थांबल्यावर कॉम्प्युटर चालू होतो. एकदा लागला की नीट चालतो, पण लेझर प्रिंटरला पान दिलं की मधूनच रीस्टार्ट होतो. शिवाय कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला हात लागला की करंट मारतो. अनवाणी असलं तर जास्तच. टेबलाभोवती मुलं असतात, त्यामुळे मला या करंटचीच सगळ्यात जास्त धास्ती आहे.

चिपळूणच्या एका दुकानात फोन केला. ते म्हणाले, एसएमपीएस गेलाय, साडेतीन-चार हजार पडतील, पण एवढ्या जुन्या मशीनवर खर्च कशाला करता, नवीनच घ्या. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हेही त्यांनी सांगितलं, आणि ते खरंच आहे. पण नवीन मशीन म्हणजे कार्यकारिणीची मंजुरी आणि अनुदानाच्या हप्त्याची वाट. तोवर मुलांचे फॉर्म अडतील. एसएमपीएस बदलून हे सगळं सुटेल का? पैसे खर्च करण्याआधी ते कसं ओळखायचं?

कोथरूड_गेमर

जुना एसएमपीएस काढून टाका, जास्त विचार करू नका. ६५० वॅटचा ८० प्लस गोल्ड (वीज कमी वाया घालवण्याचा वरचा दर्जा) घ्या, दहा वर्षं बघायला नको. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर विश्वास ठेवायचाच नाही.

हर्णे_रिपेअर

ताई, मी हर्णैला टीव्ही, इन्व्हर्टर आणि कॉम्प्युटर दुरुस्त करतो. तुमच्या तीन तक्रारी आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत. दुकानदार एका तक्रारीपुरता बरोबर आहे. आज नुसता एसएमपीएस बदललात तर करंट मारायचा तसाच मारत राहील, आणि नवा डबाही लवकर जाईल.

आधी करंटचं बोलू, कारण मुलं आहेत. प्रत्येक चांगल्या एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो. त्यात फेजपासून बॉडीला एक आणि न्यूट्रलपासून बॉडीला एक असे दोन बारीक कपॅसिटर जोडलेले असतात. त्यातून थोडासा करंट कायम बॉडीवर येतो आणि तीन पिनांतल्या मोठ्या पिनेतून अर्थिंगला निघून जातो. अर्थिंग तुटलेलं असेल तर त्याला जायला वाट नाही. मग कॅबिनेटचा पत्रा २३० च्या निम्म्यावर, म्हणजे साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. करंट अगदी कमी असल्याने नुसत्या झिणझिण्या येतात. पण दमट हवेत त्यातला फेजकडचा कपॅसिटर शॉर्ट झाला तर तोच पत्रा थेट फेजवर येईल. म्हणून हे अंगवळणी पाडून घेऊ नका. अर्थिंग बघून होईपर्यंत मुलांना त्या टेबलाजवळ बसवू नका आणि तुम्हीही पायात चप्पल ठेवा.

वायरमनला बोलवा. कॉम्प्युटरची पिन बोर्डात असतानाच त्याच बोर्डाच्या दुसऱ्या सॉकेटवर एसी रेंजला मीटर लावून तीन आकडे घ्यायला सांगा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं आणि फेज-अर्थ जवळजवळ फेज-न्यूट्रलएवढं. न्यूट्रल-अर्थ शंभरच्या आसपास आलं तर अर्थिंग नावालाच आहे असं समजा. हे काम वायरमनलाच करू द्या, तुम्ही करू नका.

आपल्याकडे अर्थिंग का जातं तेही सांगतो, कारण मुंबई-पुण्याचे लोक याचा विचार करत नाहीत. आपली जमीन जांभ्याची. पाणी मुरतं आणि खाली निघून जातं, त्यामुळे उन्हाळ्यात खड्डा कोरडा ठणठणीत पडतो आणि अर्थिंग कमजोर होतं. त्यात जुन्या पद्धतीने मीठ-कोळसा भरलेला असतो. मीठ ओल धरून ठेवतं हे खरं, पण लोखंडी पाइप आणि पट्टीही तेच खातं. वरून समुद्राचा खारा वारा. खड्डा शक्यतो सांडपाणी किंवा विहिरीचं पाणी जातं त्या बाजूला असावा. नव्याने करणार असाल तर मिठाऐवजी बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरा.

आता प्रिंटर. तो यूपीएसला जोडलाय का? बहुतेक असणार. ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅट देतो. लेझर प्रिंटरचा फ्यूजर (शाई कागदावर पक्की करणारा गरम रोलर) तापतो तेव्हा तो काही क्षण ८०० वॅट किंवा त्याहूनही जास्त ओढतो. यूपीएसचा जीव जातो आणि त्याच्याबरोबर कॉम्प्युटरचाही. प्रिंटर यूपीएसवरून काढा आणि भिंतीतल्या वेगळ्या पॉइंटवर लावा. यूपीएस बनवणारेही लेझर प्रिंटर त्यावर लावू नका असंच सांगतात. यासाठी एक पैसाही लागत नाही.

राहिलं चालू न होणं. इथे मात्र एसएमपीएसवर माझा पक्का संशय आहे. पिन बोर्डात असेपर्यंत, कॉम्प्युटर बंद असला तरी, एसएमपीएस एक ५ व्होल्टची लाइन चालू ठेवतो. २४ पिनांच्या जोडातली जांभळी वायर ती. बटण दाबल्यावर मदरबोर्ड जागा होतो तो या लाइनवर. ती सांभाळणारे कपॅसिटर सुकले की थंडगार असताना लाइन कमी पडते आणि थोडं गरम झाल्यावर वर येते. तुम्ही बोर्डाचं बटण चालू ठेवून थांबता तेव्हा नेमकं हेच होतं. या कपॅसिटरचं आयुष्य तापमानावर असतं, १० अंश वाढले की साधारण निम्मं होतं. पावसात भर मिठाची. मिठाचा थर हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की आपोआप पाणी ओढून ओला होतो, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे बहुतेक वेळ हवा त्याच्या वरच असते. एसएमपीएसचा पंखा वर्षभर तीच हवा आत ओढतो. म्हणजे त्याच्या बोर्डावर पावसाळाभर खारट ओल असते.

हे मात्र तुम्ही स्वतः मोजू शकता. साधा डिजिटल मीटर, डीसी २० व्होल्टची रेंज. कॉम्प्युटर चालू असताना हार्ड डिस्कसाठीचा एखादा मोकळा चार पिनांचा जोड घ्या. काळा प्रोब काळ्या वायरीवर, लाल प्रोब पिवळीवर: १२ व्होल्ट, ११.४ ते १२.६ च्या मध्ये. लाल वायरीवर ५ व्होल्ट, ४.७५ ते ५.२५. आधी नुसता डेस्कटॉप असताना घ्या, मग ब्राउझरमध्ये दोन-तीन व्हिडिओ लावून घ्या. शेवटी कॉम्प्युटर बंद करून, पिन चालू ठेवून, जांभळी. प्रोबची दोन टोकं एकमेकांना लागू देऊ नका. बायोसमधल्या आकड्यांवर जाऊ नका, ते बऱ्याचदा चुकीचे असतात.

आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ दिसलं म्हणून एसएमपीएस गेला असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. ४१ चा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता बंद पडलं. लाइट गेली तरी तेच लिहून येतं.

एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही. पिन काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ ३२५ व्होल्ट डीसी राहू शकतात.

एक राहिलं, आणि ते सगळ्यात आधी करा. आजच सगळ्या नोंदींची पेनड्राइव्हवर कॉपी घ्या. मरणारा एसएमपीएस कधीकधी हार्ड डिस्क बरोबर घेऊन जातो. २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्या दापोलीकडे लाइट परत आली तेव्हा माझ्याकडे अशा डिस्कची रांग लागली होती. लोक नव्या मशीनचे पैसे कसेबसे उभे करत होते, पण गेलेल्या नोंदी कोणालाच परत मिळाल्या नाहीत. साडेसहा हजार पुस्तकं पुन्हा टाइप करायला लागू नयेत, ताई.

कुडाळचो_वायरमन

ताई, काका सांगतत ता बरोबर आसा. माझी एकच गोष्ट. पावसात पाल गरम जागा शोधीत येता आणि एसएमपीएसच्या जाळीतसून आत जाता. माझ्याकडे दुरुस्तीक येणाऱ्या बऱ्याच डब्यांत पाल नायतर मुंगळे गावतत. कॅबिनेटच्या मागच्या मोकळ्या पट्ट्या उघड्या ठेवू नकात, बारीक जाळी लावा. एसएमपीएसचो पंखो मात्र झाकू नकात.

वाचनालय_गुहागर

काका, तुमचे उपकार आहेत. नोंदींची कॉपी त्याच रात्री घेतली, एक पेनड्राइव्ह घरी ठेवलाय आणि एक अध्यक्षांकडे.

वायरमनने मोजलं: फेज-न्यूट्रल २१६, फेज-अर्थ १०९, न्यूट्रल-अर्थ १०४. तुम्ही सांगितलं तसंच. मागच्या परड्यातला खड्डा उकरला तर पाइपाला जोडलेली पट्टी गंजून तुटलेली, टोक हातात आलं. हातपंपाचं पाणी जातं तिथे नवीन खड्डा घेऊन बेंटोनाइट भरलं. आता न्यूट्रल-अर्थ दीड व्होल्ट आहे आणि पत्र्याला ओला हात लावला तरी काही लागत नाही. हे पाहून जीव भांड्यात पडला.

प्रिंटर यूपीएसवरच होता. तो काढल्यावर रीस्टार्ट पुष्कळ कमी झाला, पण पूर्ण थांबला नाही.

बाकी आकडे असे. पिवळी वायर नुसत्या डेस्कटॉपला ११.५, व्हिडिओ लावल्यावर ११.२. लाल ५.१. जांभळी, कॉम्प्युटर बंद असताना, ४.५. एसएमपीएसच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर लिहिलंय. याचा अर्थ काय लावायचा? आणि ६५० वॅट खरंच लागेल का?

हर्णे_रिपेअर

ताई, आता बदला. पिवळी ११.४ च्या खाली गेलीय आणि जांभळी ४.७५ च्या खाली. दोन्ही मर्यादेबाहेर. आता अंदाजावर चाललेलं काही राहिलं नाही, कार्यकारिणीपुढे हेच आकडे ठेवा.

स्टिकरचा हिशोब सोपा आहे: १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॅट. आजचा कॉम्प्युटर जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतो, त्यामुळे डब्यावर ४५० छापलं असलं तरी कामाचे हे १६८ च. दुकानात गेल्यावर वॅटचा मोठा आकडा बघू नका, १२ व्होल्टचे अँपिअर बघा. ४५० च्या खऱ्या एसएमपीएसवर ते ३५ च्या आसपास असतात.

६५० ची काही गरज नाही. तुमचा प्रोसेसर ५१ वॅटचा, ग्राफिक्स कार्ड नाही, सगळं मिळून मशीन शंभर वॅटच्या वर क्वचितच जाईल. ४५० चा ८० प्लस ब्रॉन्झ (गोल्डच्या खालचा दर्जा) पुष्कळ झाला. गोल्डमुळे तुमच्या वापरात विजेचे एवढे पैसे वाचणार नाहीत की जास्तीची किंमत वसूल होईल. त्या फरकात एखादा चांगला स्पाइक गार्ड येईल, आणि आता अर्थिंग झाल्याने तो कामही करेल. कॉर्सेअर, कूलर मास्टर, अँटेक, डीपकूल यांतला कुठलाही ब्रॉन्झ चालेल, वॉरंटी किमान ३ वर्षांची बघा. जवळपास मिळाला नाही तर गणपतीला येणाऱ्या कोणा चाकरमान्याला लॅमिंग्टन रोडवरून आणायला सांगा, बिल वाचनालयाच्या नावाचं घ्यायला लावा.

एवढ्या जुन्या मशीनवर खर्च कशाला, या प्रश्नाचं उत्तर हे की हा खर्च मशीनबरोबर जात नाही. तुमचं असेंबल केलेलं आहे, एसएमपीएस साध्या एटीएक्स मापाचा. उद्या अनुदान आलं आणि नवीन बोर्ड-प्रोसेसर घेतला तर हाच एसएमपीएस त्यात बसेल. डेलच्या काही ऑप्टिप्लेक्सना २४ ऐवजी ८ पिनांचा वेगळा जोड असतो, तसं मशीन असतं तर मी दोनदा विचार करायला सांगितलं असतं. विंडोजची अडचण वेगळी आहे. तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. मधल्या काळासाठी लिनक्स मिंट टाकता येईल, एक्सेलच्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात आणि मराठी टायपिंगही होतं. फॉर्मच्या साइट त्यावर नीट चालतात का ते एकदा पेनड्राइव्हवरून चालवून बघा, मगच इन्स्टॉल करा.

बसवताना नव्याबरोबर आलेल्याच केबली वापरा. सुट्या केबलींचा एसएमपीएस असेल तर दुसऱ्याच्या केबली त्याला लावू नका. जोड बसतो, पण आतली वायरींची जागा वेगळी असू शकते आणि त्यात डिस्क जळते. मदरबोर्डला २४ पिनांचा जोड आणि प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा, दोन्ही लावायचे. त्याच वेळी रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून घ्या, आपल्या हवेत त्यावर थर बसतोच.

नवा लावल्यावर एक चाचणी करा. फाइल सेव्ह करून ठेवा आणि यूपीएसची पिन भिंतीतून काढा. नव्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (लाइनमधून वीज सुरळीत ओढणारं सर्किट) असतो, आणि काही स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरीशी त्याचं जमत नाही. तुमचा लोड कमी आहे, बहुधा चालेल. बंद पडलाच तर दोष एसएमपीएसचा धरू नका, यूपीएसबद्दल मला विचारा.

पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशीही कोणी जाऊन तासभर मशीन चालू ठेवता आलं तर ठेवा, आतली ऊब ओल घालवते. वीज कडाडायला लागली की नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिनच काढायची. इंटरनेट तांब्याच्या वायरीवरून येत असेल तर तीही.

बसवल्यावर पिवळी आणि जांभळी पुन्हा मोजा आणि आकडे इथे टाका.