बांगलादेशचा रेडिमेड माल आता न्हावा शेवालाच उतरतो, मग मुंबईत स्वस्त का पडत नाही?

दादर_होलसेल

नमस्कार मंडळी, धंद्यातला प्रश्न आहे, कस्टम किंवा इम्पोर्टमधलं कोणी असेल तर प्लीज सांगा.

दादरला हिंदमाताच्या बाजूला आमचं होलसेलचं छोटं दुकान आहे. जेन्ट्स कॉटन पँट, टी-शर्ट, लहान मुलांचे सेट. गिऱ्हाईक म्हणजे डोंबिवली, विरार, पनवेलचे किरकोळ दुकानदार. त्यातला बराच माल बांगलादेशचा असतो कारण त्या भावात तशी शिलाई इथे मिळत नाही, खरंच नाही मिळत, उल्हासनगरला पण विचारून झालंय. आम्ही स्वतः इम्पोर्ट करत नाही, कोलकात्याची एक पार्टी आहे तिच्याकडून घेतो. आधी ढाक्यावरून ट्रक निघाला की बेनापोल-पेट्रापोलची बॉर्डर करून आठवड्याभरात कोलकात्याला आणि तिथून ट्रान्सपोर्टने आमच्याकडे, असं चाललेलं.

मे 2025 मध्ये सरकारने बांगलादेशचे कपडे जमिनीच्या बॉर्डरवरून बंद केले, फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता ही दोनच बंदरं ठेवली. बाबा म्हणाले बरं झालं, न्हावा शेवा तर आपल्या दारात, आता कोलकात्याची फेरी वाचेल आणि माल स्वस्त पडेल. पण झालं उलटंच. भाव वाढवून सांगतायत, वर माल कधी येईल त्याचा भरवसा नाही. गणपतीच्या आधी जो माल लागतो तो दसऱ्याला मिळून काय उपयोग?

तर दोन गोष्टी विचारायच्यात. बंदर जवळ असून महाग का? आणि आमच्यासारख्या छोट्या माणसाने डायरेक्ट इम्पोर्ट करावं का, की नाद सोडावा?

उरण_क्लिअरिंग

ताई, मी क्लिअरिंगच्या लाइनीत आहे, रोजचं काम न्हावा शेवाचंच, म्हणून सविस्तर लिहितो.

बंदर तुमच्या जवळ आहे पण बांगलादेशच्या जवळ नाहीये. नकाशा बघा, चट्टोग्रामवरून, म्हणजे त्यांच्या मुख्य बंदरावरून, जहाज निघालं की अख्खा बंगालचा उपसागर उतरून श्रीलंकेला वळसा घालून पश्चिम किनाऱ्याने वर यायचं. त्यात बरेचसे कंटेनर डायरेक्ट येत नाहीत, कोलंबोला उतरतात आणि दुसऱ्या जहाजाची वाट बघत पडतात. ते जहाज भरलेलं असेल तर पुढच्याला. त्यामुळे तारीख कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, मी पार्ट्यांना तीन आठवडे धरून चाला असंच सांगतो. ट्रकचं तसं नव्हतं, फॅक्टरीतून दोनशे कार्टन निघाले तर दोनशे कार्टनच चढवले आणि पाठवले, बॉर्डरवर त्यांच्या गाडीतून आपल्या गाडीत माल पलटी केला की झालं.

खरा मार छोट्या लॉटला बसतो. तुमच्या दोनशे कार्टनने कंटेनर भरत नाही म्हणजे तुम्ही एलसीएलमध्ये जाणार, म्हणजे चार-पाच पार्ट्यांचा माल एका डब्यात. त्यातल्या एकाचे कागद अडकले की डबा सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनरच्या गोदामात, उघडायला, माल वेगळा करायला वेळ जातो आणि भाडं सगळ्यांचं चढतं. मोठे ब्रँड अख्खे कंटेनर भरून आणतात, त्यांना हा नियम तेवढा जड जात नाही. जो हंगामात थोडा थोडा माल उचलायचा त्याचं कंबरडं मोडलंय.

आता ड्युटी. बांगलादेश अजून अल्पविकसित देशांच्या यादीत आहे म्हणून साफ्टाखाली, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या मुक्त व्यापार कराराखाली, त्यांच्या जवळजवळ सगळ्या मालाला आपल्याकडे झिरो ड्युटी आहे, 2011 पासून दारू-तंबाखूसारख्या 25 आयटम सोडून सगळं. कपडे त्यात आले. पण त्यासाठी तिकडच्या एक्स्पोर्ट प्रमोशन ब्युरोचं साफ्टाचं सर्टिफिकेट लागतं आणि माल खरंच तिकडे बनलाय हे दाखवावं लागतं. 2020 पासून माल कुठे बनला ते तपासायचे कॅरोटार नियम आलेत, त्यामुळे सर्टिफिकेट जोडलं आणि मोकळा झाला असं राहिलेलं नाही. कापड कुठलं, किती टक्के काम तिकडे झालं ही माहिती इम्पोर्टरने स्वतःकडे ठेवायची, ऑफिसरने विचारली तर द्यायची. हे जमलं नाही तर 20 टक्के बेसिक ड्युटी, काही आयटमला नगामागे ठरलेली रक्कम जास्त भरत असेल तर ती, आणि वर सरचार्ज. सगळा मार्जिन तिथेच संपला. जीएसटी तर वेगळा भरायचाच.

निफाडकर_वाशी

वरचं वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय, विषय कपड्याचा असला तरी दुखणं एकच आहे. आमचं गाव निफाड तालुक्यात, मी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला असतो, घरचा माल लासलगावला जातो.

आपला कांदा बाहेर सगळ्यात जास्त कोण घेत आलंय तर बांगलादेश. नाशिकवरून गाडी भरली की चार-पाच दिवसांत बंगालच्या बॉर्डरवर घोजाडांगा नाहीतर महादीपूरला उभी. आता गेल्या काही वर्षांत काय काय झालं ते ऐका. सप्टेंबर 2019 मध्ये निर्यातबंदी. तेव्हाच्या त्यांच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीला आल्या होत्या, त्या भर कार्यक्रमात हिंदीतून म्हणाल्या की स्वयंपाक्याला सांगितलंय, आता कांद्याशिवाय कर, निदान आधी कळवत तरी जा. परत 14 सप्टेंबर 2020 ला बंदी, रातोरात. बॉर्डरवर गाड्यांची रांग लागलेली, ताडपत्रीखाली उन्हा-पावसात कांदा तापतो आणि मग गोणीच्या तळातून काळं पाणी सुटायला लागतं, तो वास ज्याने घेतलाय त्यालाच कळतं. नंतर 25 हजार टन सोडायला परवानगी दिली पण तोवर गाडीतल्या मालाची माती झालेली. ऑगस्ट 2023 ला 40 टक्के निर्यात शुल्क, डिसेंबर 2023 ला पुन्हा बंदी. मे 2024 ला बंदी उठवली तर टनाला 550 डॉलरचा किमान भाव आणि 40 टक्के शुल्क तसंच. सप्टेंबर 2024 ला ते 20 वर आणलं, आणि 1 एप्रिल 2025 पासून एकदाचं शून्य केलं.

एवढ्यात तिकडचा व्यापारी काय करणार? त्याने म्यानमार, इजिप्त, तुर्की, चीन, पाकिस्तान जिथून मिळेल तिथून कांदा आणला. तिकडच्या शेतकऱ्यालाही कळलं की भारताचा भरवसा नाही, तो स्वतः कांदा लावतो. आता त्यांचा माल निघाला की त्यांचं सरकार आयातीचं परमिट थांबवतं आणि इकडे लिलावात लगेच भाव खाली. शहरात कांदा साठ रुपये झाला की टीव्हीवर बातमी येते, शेतकऱ्याच्या साठवणीच्या चाळीत कांदा सडला त्याची येत नाही.

संत्र्याचं बघा, वरूड-मोर्शीकडची संत्री पूर्वी भरभरून जायची बांगलादेशला. त्यांनी आयात शुल्क वाढवत वाढवत 2023 मध्ये किलोला 88 टाकांवर (टाका म्हणजे तिकडचं चलन) नेलं. कोण पाठवणार मग? त्यामुळे ताई, नियम कुणीही बदलो, तिकडचा असो की इकडचा, मरतो तो ज्याचा माल तेव्हा रस्त्यात असतो.

टीवाय_इकॉनॉमिक्स

कॉलेजमध्ये ह्याच विषयावर प्रोजेक्ट करतेय म्हणून थोडी भर घालते. आपण बांगलादेशला वर्षाला साधारण 11 अब्ज डॉलरचा माल विकतो आणि तिकडून 2 अब्जाच्या आसपास घेतो. म्हणजे हा व्यवहार आपल्या बाजूने खूप झुकलेला आहे. त्यामुळे काही लोक म्हणतात बंद करा सगळं, आपल्याला कुठे त्यांची गरज आहे, ते मला अजिबात पटत नाही. विकणारा आपण आहोत, गिऱ्हाईक ते आहेत!

आणि आपण विकतो काय त्यांना? त्यात मोठा हिस्सा कापूस आणि सुताचा. म्हणजे ताईंच्या दुकानातल्या टी-शर्टचं सूत आपल्याच गिरणीतलं असण्याची बरीच शक्यता आहे, ते ढाका-नारायणगंजला गेलं, शिवून परत आलं. एप्रिल 2025 मध्ये बांगलादेशने आपलं सूत जमिनीच्या बंदरांवरून घ्यायचं थांबवलं, तिकडच्या सूतगिरण्यांची तक्रार होती की बॉर्डरवरून स्वस्त सूत येतं आणि त्यांचा धंदा बसतो. समुद्रमार्गे चालू ठेवलं. त्याच्या आसपासच, 8 एप्रिलला, आपण त्यांना दिलेली ट्रान्सशिपमेंटची सोय काढून घेतली, म्हणजे त्यांचा माल आपल्या विमानतळांवरून-बंदरांवरून तिसऱ्या देशात जायचा ते बंद. मग 17 मेचा कपड्यांचा आदेश, मग 27 जूनला ज्यूटच्या मालाचा. एकाने एक केलं की दुसऱ्याने दुसरं. कोणी सुरू केलं ह्यावर इथे भांडण नको, पण ह्याला व्यापार धोरण म्हणवत नाही मला.

आणखी एक तारीख, 24 नोव्हेंबर 2026. युनोच्या ठरावात बांगलादेशने अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडायची तारीख हीच धरली आहे. साफ्टाची झिरो ड्युटी त्या यादीमुळे आहे. दोन देशांमध्ये वेगळा करार करायचं बोलणं हसीना सरकारच्या काळात चाललं होतं. डायरेक्ट इम्पोर्टचा विचार असेल तर हे आधी डोक्यात घ्या.

बारदानवाला_मस्जिद

ज्यूटचा विषय निघाला म्हणून दोन ओळी. मस्जिद बंदरला आमचा बारदानाचा धंदा. बांगलादेशच्या ज्यूटच्या मालावर जानेवारी 2017 पासून अँटी-डंपिंग ड्युटी, म्हणजे पडेल भावात माल ओतू नये म्हणून लावलेली जादा ड्युटी, आहेच. आता धागा, कापड, दोरी, गोणी बॉर्डरवरून बंद आणि कोलकाता पण नाही, फक्त न्हावा शेवा. विचार करा, ज्यूटच्या गिरण्या सगळ्या हुगळीच्या काठाला आणि माल उतरवायचा उरणला, मग रेल्वेने नाहीतर ट्रकने परत बंगालला. बंगालच्या ज्यूट शेतकऱ्याला संरक्षण पाहिजे हे मला शंभर टक्के मान्य आहे, त्याला भाव मिळालाच पाहिजे. पण संरक्षण द्यायचं तर ड्युटी लावा, उघड लावा, सगळ्यांना आकडा कळतो. रस्ता वाकडा केला की आकडाच कळत नाही, रोज भाव काय सांगायचा?

दादर_होलसेल

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल वाटलं नव्हतं. बाबांना वाचून दाखवलं, निफाडकर दादांचं ऐकून ते बराच वेळ कांद्यावरच बोलत होते, आमचं आजोळ सिन्नरचं.

उरणवाले दादा, एक विचारू का, आम्ही चार-पाच दुकानदार मिळून एक अख्खा कंटेनर भरला तर? आमच्या लाइनीतल्या दोघांशी बोलणं झालंय, माल सगळ्यांचा साधारण सारखाच असतो. उन्हाळ्याचा टी-शर्टचा माल आहे तो डिसेंबरातच ऑर्डर करायचा, म्हणजे तीन आठवडे लागले तरी चालेल. सणाचा माल मात्र इथल्याच शिलाईचा घ्यायचा असं ठरवतोय.

उरण_क्लिअरिंग

हो, हे जमण्यासारखं आहे. पण इम्पोर्टर एकच ठेवा, एकाच्याच आयईसीवर (इम्पोर्ट-एक्स्पोर्टचा कोड) माल येऊ दे, तो ऑनलाइन निघतो, 500 रुपये फी. बँकेचा एडी कोड (परदेशी व्यवहारासाठी बँक देते तो नंबर) बंदराला रजिस्टर करून घ्या. आपसातला हिशोब नंतर जीएसटीच्या बिलाने करा, चार नावं घातली की चार ठिकाणी कागद अडकतात.

पहिल्या वेळेला आयटम कमी ठेवा. टी-शर्ट निटेड म्हणजे होजिअरी कापडाचा म्हणून कस्टमच्या यादीत 61 चॅप्टर, पँट मागावरच्या कापडाची म्हणून 62 मध्ये, मुलांच्या सेटमध्ये दोन्ही मिसळलेलं असतं आणि वर्गीकरणावरून वाद तिथेच होतो, म्हणून सेट पहिल्या कंटेनरमध्ये नकोच. अ‍ॅझो डायचं (बंदी असलेले रंग वापरले नाहीत ह्याचं) टेस्ट सर्टिफिकेट तिकडूनच मागवा नाहीतर सॅम्पल काढून लॅबला जातं, रिपोर्ट येईपर्यंत डबा तसाच उभा आणि दिवसाचं भाडं चालू.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, माल चढायच्या आधी साफ्टा सर्टिफिकेट, इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्टचा ड्राफ्ट मागवून तिन्हीवर कार्टनची संख्या, वजन आणि एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा नंबर) जुळतोय का ते स्वतः बसून बघा. इनव्हॉइसवर 412 कार्टन आणि सर्टिफिकेटवर 421 असा साधा टायपिंगचा घोळ असला तरी ढाक्यावरून दुरुस्त होऊन यायला दिवस जातात. जहाज निघायच्या आधी पकडलं तर एका मेलमध्ये काम होतं. ड्राफ्ट आले की इथे टाका, पार्टीचं नाव झाकून, मी बघून देतो.