क्रेडिट कार्डाचे व्याज मुदत संपल्यापासून न लागता खरेदीच्या तारखेपासून का लागले?

सातपूरकर:

नमस्कार. मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. ५ जून रोजी कॉलेज रोडवरच्या दुकानातून क्रेडिट कार्डावर ४०,००० रुपयांचा फ्रीज घेतला. बिल २० जूनला आले आणि ते भरण्याची शेवटची तारीख १० जुलै होती. मुलीच्या शाळेचा खर्च नेमका त्याच आठवड्यात आल्यामुळे मी १० जुलैला बिलावर छापलेली किमान रक्कम, म्हणजे २,००० रुपये, एवढीच भरली. उरलेल्या ३८,००० रुपयांवर ११ जुलैपासून महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज लागेल आणि २० जुलैच्या बिलात दहा दिवसांचे सुमारे ४३७ रुपये येतील, असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात १,९६८ रुपये व्याज आणि त्यावर ३५४ रुपये जीएसटी लागला आहे, म्हणजे मी भरले त्याहून जास्त. ग्राहक सेवा केंद्राने ‘नियमाप्रमाणेच आहे’ एवढेच सांगितले. हा नियम कोणी समजावून सांगेल का?

निवृत्त बँक कर्मचारी, नाशिकरोड:

आपल्याला लागलेले व्याज चुकीचे नाही, पण ते का लागले हे सांगणे ग्राहक सेवा केंद्राचे काम होते. बिनव्याजी मुदत ही सवलत आहे आणि तिला एक अट आहे: बिलाची संपूर्ण रक्कम मुदतीत भरली पाहिजे. ती पूर्ण भरली नाही की सवलत त्या दिवसापासून थांबत नाही, तर मागे जाऊन खरेदीच्या दिवसापासूनच रद्द होते. आपल्या बाबतीत ५ जून ते २० जुलै हे ४५ दिवस धरले गेले. साडेतीन टक्के हा महिन्याचा दर आहे, वर्षाचा ४२ टक्के होतो. ३८,००० रुपयांवर त्या दराने रोजचे ४३ रुपये ७३ पैसे होतात, आणि ४५ दिवसांचे १,९६८. काही बँका पैसे भरल्याच्या दिवसापर्यंत पूर्ण ४०,००० रुपयांवर व्याज धरतात, त्यामुळे आपल्या कार्डाच्या अटींच्या पत्रकातील हिशेबाचे उदाहरण एकदा वाचून पाहावे.

गावाकडे सावकाराचे व्याज ‘महिना शेकडा इतके’ असे सांगतात आणि ते ऐकताच आपण सावध होतो. कार्डाचा दरही महिना शेकडा साडेतीन असाच आहे, फक्त तो छापील कागदावर असल्यामुळे लहान वाटतो. व्याजावर १८ टक्के जीएसटी धरला की तो शेकडा ४ रुपये १३ पैसे होतो. किमान रक्कम साधारण पाच टक्के असते. म्हणजे शंभर रुपयांच्या थकबाकीवर आपण पाच रुपये भरले, तर मुद्दलातून जेमतेम ८७ पैसे कमी होतात. किमान रक्कम भरल्याने विलंब शुल्क टळते, व्याज टळत नाही, आणि माझ्या नोकरीत मी पाहिलेल्या बहुतेक अडचणी हा फरक माहीत नसल्यामुळेच सुरू झाल्या.

दिंडोरीचा द्राक्ष बागायतदार:

काकांनी सांगितले ते खरेदीबद्दल झाले. रोख रकमेचे याहून कठीण आहे, आणि आमच्या भागातल्या तरुण शेतकऱ्यांसाठी मला ते मुद्दाम लिहावेसे वाटते. अवकाळी पावसानंतर फवारणीची औषधे तातडीने आणायची होती, म्हणून मी एटीएममधून क्रेडिट कार्डावर २०,००० रुपये काढले आणि चाळीस दिवसांनी परत भरले. रोख रकमेला बिनव्याजी मुदत एक दिवसाचीही नसते. शुल्क ५०० रुपये, त्यावर कर ९०, व्याज ९२१ आणि त्यावर कर १६६, असे एकूण १,६७७ रुपये गेले. नावातील साम्यामुळे काही जण हे कार्ड आणि किसान क्रेडिट कार्ड एकच समजतात, परंतु किसान कार्डावरचे तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वर्षाला ७ टक्क्यांनी मिळते आणि वेळेवर फेडले तर ४ टक्के पडते. मला माझ्या किसान कार्डाचे नूतनीकरण वेळेत करायला हवे होते, ते राहिले याचे वाईट वाटते.

सातपूरकर:

काका, दादा, मनापासून आभार. आता दोन शंका आहेत. या दराला कायद्याने काही कमाल मर्यादा आहे का? आणि बिलाची मुदत ९ ऑगस्टपर्यंत आहे, तर पगार झाल्यावर एकदम भरले तर चालेल का?

निवृत्त बँक कर्मचारी, नाशिकरोड:

राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला, त्यामुळे आज तशी ठरावीक मर्यादा नाही. मात्र रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार न भरलेले शुल्क आणि कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज लावता येत नाही. तसे दिसले तर प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावी, आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे.

दुसऱ्या शंकेबाबत सांगायचे तर ९ ऑगस्टची वाट पाहू नये. त्या तारखेने विलंब शुल्क टळेल, पण व्याज रोज चालूच आहे आणि करासह ते दिवसाला सुमारे ५२ रुपये पडते. २५ जुलैला ४०,३२२ रुपये भरले तर पुढच्या बिलात मधल्या पाच दिवसांचे सुमारे २५८ रुपये येतील, ९ ऑगस्टला भरले तर सुमारे १,०३२ येतील. हे उरलेले व्याज पाहून घाबरू नये, तेही लगेच भरून टाकावे. तोवर पेट्रोलसाठीसुद्धा हे कार्ड वापरू नये, कारण थकबाकी असताना नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. एवढी रक्कम आत्ता जमत नसेल तर सोनेतारण कर्जाचा दर आपल्या बँकेत किंवा पतसंस्थेत विचारावा. तो ४२ टक्क्यांपेक्षा बराच कमी असतो.

सातपूरकर:

घरी बोललो. पत्नीच्या भिशीचे पैसे याच आठवड्यात येत आहेत, त्यातून आणि बचत खात्यातून शुक्रवारीच पूर्ण रक्कम भरतो. ऑगस्टचे बिल आले की त्यातील व्याजाचा आकडा येथे लिहीन.