मदत हवी आहे: पाच मशिनं, पाच चार्जर आणि वायरींचा गुंता

नमस्कार मंडळी. माझ्या सलूनमधल्या खुर्चीसमोर केस कापायचे २ क्लिपर, कडा कोरायचे २ ट्रिमर आणि १ फॉइल शेव्हर (पातळ जाळीचं दाढीचं मशीन) आहे. प्रत्येकाचा चार्जर वेगळा. आरशाखालच्या फळीवर वायरींचा गुंता होतो, त्यात कापलेले केस अडकतात. काल वायर ओढली गेली आणि ट्रिमर फरशीवर आपटला. ब्लेडचा एक दात वाकला. तो कुणाच्या मानेला लागला असता तर, या विचारानेच धस्स झालं.

सगळ्यांसाठी एकच चार्जिंग स्टँड घ्यावा म्हणतोय. पण एका अडॅप्टरवर ५ व्होल्ट लिहिलंय, दुसऱ्यावर ६, आणि पिन मात्र दोन्हीकडे बसते! घाईत अदलाबदल झाली तर? सध्या अडॅप्टर आणि मशीन दोघांना एकाच रंगाची टेप लावलीय.

लिथियम बॅटरीची मशिनं तुम्ही रात्रभर लावून ठेवता का? पूर्ण चार्ज होऊन गरम राहणं या बॅटरीला मानवत नाही, म्हणून मी दोन गिऱ्हाइकांच्या मधे थोडं थोडं चार्ज करतो. गर्दीच्या दिवशी ते अजिबात जमत नाही.

ज्यांनी स्टँड किंवा ड्रॉवरमध्येच सोय केलीय, त्यांनी कृपया फोटो टाका. आणि ब्लेडला तेल दिल्यावर मशीन उभं ठेवता की आडवं?